ताईची फुटकी वाटी

जगात घड्याळच नव्हतं, तेव्हा पहिलं घड्याळ कशात बघून लावलं असेल?

हा प्रश्न मी लहानपणी गुरुजींना विचारला, तर त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. बाबांना विचारला, तर ते म्हणाले, "आधी गुरं बांध." महाडला एक चाचा घड्याळं दुरुस्त करायला बसायचे. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि भिंग परत लावलं. शेवटी यंदा उन्हाळ्यात ताईला विचारलं. ताई शाळेत बाई होती. ती हसली आणि म्हणाली, "संत्या, यंदा आमच्या विज्ञान प्रदर्शनाला ये. तिथं दाखवते."

आणि प्रदर्शनाच्या आधीच ती गेली. आता कुणाला विचारू?

ते राहू दे. चहा घ्या, निवेल. मी तुम्हाला वेगळंच सांगायला बसलोय. त्या प्रदर्शनात मी जो घोळ घातला, तो तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेला बरा. कारण दुसरे लोक तो तिखटमीठ लावून सांगतात. मी तसाच सांगतो. तसाच पुरेसा वाईट आहे.

माझं पोलादपूरला महाबळेश्वरच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. शाळा आठवीत सुटली. पण टायरमधलं भोक शोधावं तर मीच. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा कुठून येतो बघायचं आणि बोट ठेवायचं. आता तर अशी सवय लागली आहे, की कुठंही भोक दिसलं की माझा हात शिवशिवतो. घरातली चाळण तेवढी आईने माझ्यापासून वाचवली आहे.

ताई माझ्यापेक्षा मोठी. वैशाली नाव. या पावसाळ्यात तिला ताप आला. आम्हाला साधाच वाटला, आणि तो साधा नव्हता. तिची स्कूटी अजून दारात उभी आहे. दर रविवारी मी तिच्या चाकांत हवा भरतो. चालवत कुणी नाही. तरी भरतो.

तर दिवाळीनंतर तिच्या शाळेचे हेडसर घरी आले. आईसमोर बसले, पाणी प्यायले आणि बराच वेळ नुसते छपराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "संतोष, बाईंनी मुलांकडून एक प्रकल्प बसवून घेतला होता. प्राचीन काळापासून आजपर्यंत माणसाने वेळ कशी मोजली, असा. महाडला तालुक्याचं प्रदर्शन आहे. मुलं म्हणतात, आम्ही बाईंचाच प्रकल्प नेणार."

"मग न्या की, सर."

"सामान तुमच्याकडे आहे. पोत्यात."

मी म्हटलं, "सर, तुम्ही फक्त पोरांना आणा. सामान मी घेऊन येतो. एकदम टकाटक करून."

हेडसरांनी तेव्हाच पोतं उचलून न्यायला हवं होतं. त्यांची तेवढीच चूक. बाकी सगळी माझी.

संध्याकाळी मी पोतं उघडलं. आत एक सरळ काठी. रेघा मारलेली मेणबत्ती. तोंडाला तोंड लावून चिकटवलेल्या दोन बाटल्या, त्यात वाळू. दोऱ्याला बांधलेला एक नट, तो तर माझ्याच दुकानातला. एक पितळी थाळी आणि लाकडी हातोडी. आणि सगळ्यात खाली ताईच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेली तांब्याची एक वाटी. सुंदर वाटी होती हो. गोल, पातळ, हातात घेतली तर पाखरासारखी हलकी.

मी ती दिव्यासमोर धरली. आणि बुडाला भोक.

बारीक. सुईच्या टोकाएवढं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. पण मला दिसलं, कारण माझा जन्मच त्यात चालला आहे. माझ्या डोक्यात काय आलं असेल? माझी बहीण शिकलेली, पण भोळी. कुणीतरी भांडीवाल्याने तिला फुटकी वाटी गळ्यात मारली, आणि ती बिचारी ओढणीत गुंडाळून घेऊन आली.

"आये, ताईने ही वाटी कुठून आणली गो?"

"म्हाडातना. बाजारातल्या अण्णांकडना. का रे?"

"फुटकी हाय."

आई म्हणाली, "तिनं आणलीय ना? मग असू दे तशीच."

ऐकायला हवं होतं ना? पण मी आधी ट्यूबचा पॅच लावून बघितला. काळा रबर त्या तांब्यावर इतका वाईट दिसला, की माझं मलाच रडू आलं. तो खरवडून काढला आणि सकाळी वाटी खिशात घालून महाडला निघालो. वाटेत बिरवाडीच्या फाट्यापर्यंत मी हळहळत होतो. त्याच्या पुढे मला राग यायला लागला. बाजारात पोचेपर्यंत मी पेटलेलो होतो.

अण्णा म्हातारे आहेत. दुकानाच्या पायरीवर बसून भांडी घासून चकचकीत करत होते. मी वाटी त्यांच्या पुढ्यात आपटली.

"ओळखता का ही?"

त्यांनी उचलून बघितली. "हो, ही तर त्या बाईंची..."

"माझी बहीण होती ती. गेली."

अण्णांचा हात थांबला. "गेल्या? कधी?"

"ते सोडा. तिला फुटकी वाटी दिलीत ना? शाळेत शिकवणारी बाई, तिला फसवलंत?"

"अहो दादा, वाटी धडच होती. त्या बाईंनीच..."

"तिच्यावर ढकलू नका. ती उत्तर द्यायला येणार नाय, म्हणून काय पण बोलाल?"

"तसं नाय, ऐका तरी. त्यांनी इथं बसून..."

"मला ऐकायचं नाय. भोक बुजवून द्या."

बाजारातले लोक थांबून बघायला लागले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ताईसाठी काढलेले माझे केस तेव्हा अजून नीट वाढले नव्हते. त्यांनी ते बघितलं आणि मान खाली घातली. "बरं," म्हणाले. "देतो डाग लावून."

आता एक गोष्ट सांगतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याच्याशी लोक वाद घालत नाहीत. त्याने दिवसाला रात्र म्हटलं, तरी हो म्हणतात. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं, अण्णांची चोरी पकडली गेली.

त्यांनी कथील तापवलं आणि भोकावर डाग लावला, घासून गुळगुळीत केला. मी म्हटलं, "आणखी एक लावा वरून." त्यांनी लावला. मग म्हटलं, "नाव पण घाला." आपल्याकडे भांड्यावर नाव असलं की ते भांडं कुठं जात नाही. त्यांनी मशिनने टर्रटर्र करत काठावर नाव घातलं: वैशाली. आणि माझ्याकडून काही घेतलं नाही. मी मनात म्हटलं, घेईल कसा, चोर.

प्रदर्शन एका मोठ्या शाळेच्या हॉलमध्ये होतं, दोन दिवसांचं. आमच्या टेबलावर सगळं मांडलं. मध्यभागी पाण्याने भरलेलं घंगाळ. बोलायला सानिका नावाची सातवीतली मुलगी होती, दोन घट्ट वेण्यांची. थाळी वाजवायला प्रणय.

सानिकाने ओढणीतून वाटी काढली, उलटी केली आणि तिचा चेहरा पडला. तिने हेडसरांना दाखवली. हेडसरांचाही पडला.

मी छाती काढून म्हटलं, "कशी झालीय?"

हेडसर म्हणाले, "छान. छानच झालीय." ते असे बोलले, जसं कुणी नको असलेल्या आहेराला छान म्हणतं.

"मामा," सानिका म्हणाली, "पण ही..." हेडसरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती गप्प झाली. शाळेतली सगळी पोरं मला मामा म्हणतात. बाईंचा भाऊ म्हणून.

तेवढ्यात परीक्षक आले. एक चष्मेवाल्या मॅडम आणि एक सर. आता पळायला वाट नव्हती. सानिकाने वाटी अलगद पाण्यावर ठेवली आणि बोलायला लागली. ताईच्याच आवाजाच्या चढउतारात.

"इजिप्त देशात लोक काठीच्या सावलीवरून वेळ ओळखत. परंतु रात्री सावली नसे. म्हणून ते दगडी भांड्याला बारीक भोक पाडून त्यातून पाणी गळू देत."

मी ऐकलं हे. या कानांनी ऐकलं. आणि मला काय वाटलं? बघा, तेव्हापासून भांडीवाले असलेच.

मग चीन आला. तिथं अगरबत्ती जळत जाईल तशी वेळ कळायची. मग रेघांची मेणबत्ती. मग दर्यावरच्या जहाजांवरची वाळूची घड्याळं. मग दोऱ्याला टांगलेला माझा नट डावी-उजवीकडे हलला आणि लंबकाचं घड्याळ झालं. मग रेल्वे आली, म्हणून गावोगावची वेळ एक करावी लागली. मग अणूवर चालणारं घड्याळ, मग आभाळातले उपग्रह, आणि तिथून सानिका थेट परीक्षकांच्या खिशातल्या मोबाइलपर्यंत आली. बोलणं संपलं.

तिने घंगाळाकडे बघितलं. वाटी तरंगत होती.

प्रणय हातोडी उचलून उभा. सानिकाने पुन्हा सुरू केलं. "त्याआधी... माणसाने आगीचा शोध लावला."

आगीनंतर चाक आलं. मग शेती. मोहेंजोदडोची गटारं. छापखाना. वाफेचं इंजिन. देवीची लस. मॅडम एका पायावरून दुसऱ्या पायावर झाल्या. वाटी तरंगत होती. सानिकाच्या कपाळावर घाम आला. तिने माणसाला चंद्रावर नेलं, तिथून परत आणलं, आणि जगाचा सगळा इतिहास संपल्यावर पोलादपूर स्टँडवरून सुटणाऱ्या एसटीच्या वेळा सांगायला सुरुवात केली.

मला तिचं फार कौतुक वाटत होतं. केवढं पाठांतर.

मॅडमनी हळूच विचारलं, "बाळा, तू थांबणार कधी?"

सानिकाचं लक्ष वाटीवरच. मला वाटलं, पोर बुजली, आपण पुढं व्हावं. मी म्हटलं, "मॅडम, वाटी बघताय ना? एवढा वेळ झाला, थेंब आत आला नाय. दोनदा डाग लावून घेतलाय. गॅरंटी हाय. माझ्या बहिणीची वाटी हाय, ही कधी बुडणार नाय."

हेडसर छपराकडे बघायला लागले. सानिकाने माझी बाही ओढली.

"मामा," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बुडायलाच पायजे ती."

"का?"

"तेच घड्याळ हाय. भोकातना पाणी आत येतं हळूहळू. भरली की बुडते, मग थाळी वाजवायची. पूर्वी लग्नाची घटका तशीच बघायचे. बाईंनी भोक असं पाडलेलं, की माझं बोलणं संपायचं नि वाटी बुडायची. मग मी सांगणार होते, एवढा वेळ तुम्ही बघत होतात ते आपल्याकडचं घड्याळ होतं. आणि बाई म्हणालेल्या, वाटी बुडेपर्यंत थांबायचं नाय."

"मग मला आधी सांगितलं का नाय?"

"तुम्ही रडला असतात," ती म्हणाली.

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं? शांतपणे माफी मागितली असती. मी तसा असतो तर ही गोष्टच झाली नसती. मी बाहेर पळालो, मोटारसायकलच्या डिकीतून टायरमध्ये खुपसायचा दाभणासारखा सुया काढला, आत आलो आणि परीक्षकांच्या देखत वाटीच्या बुडाला भोसकला. "झालं," म्हटलं. "ठेव गो पाण्यावर."

सानिकाने ठेवली. "इजिप्त देशात लो..."

बुडुक.

इजिप्तचे लोक काय करायचे ते तसंच राहिलं. वाटी तळाला जाऊन बसली. प्रणयने प्रामाणिकपणे थाळी वाजवली. ते परीक्षक सर पाठ फिरवून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. मग हेडसरांनी त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. त्या परत आल्या तेव्हा हसत नव्हत्या. म्हणाल्या, "आमची फेरी उद्याही आहे. तुमचा प्रकल्प आम्ही उद्या बघू. आज बघितलाच नाही असं समजा."

मी पाण्यात हात घालून वाटी काढली. भोकातून माझं बोट जात होतं.

परत अण्णांच्या दुकानात गेलो. या वेळी मी एकटा नव्हतो. हेडसर आणि सानिका सोबत होते. खरं तर हेडसर मला एकट्याला सोडायलाच तयार नव्हते.

अण्णांनी मला बघितलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "आता काय झालं? बुडली काय?"

"नाय बुडली ना, अण्णा. म्हणून तर आलो."

त्यांना काही सांगावं लागलं नाही. वाटी घेतली, भोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे कशानं केलंत?"

"सुयानं."

"म्हशीला टोचायच्या?"

"टायरला."

ते हसले, आणि मग मलाही हसू आलं. ताई गेल्यापासून पहिल्यांदा. मला त्याची लाज वाटली. मी तोंड पुसून म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोललो."

"बोलू द्यायचं असतं," ते म्हणाले. "मी पण पोरगा घालवलाय. तेव्हा मी एसटीच्या कंडक्टरला मारलेलं. तिकीट विचारलं म्हणून."

मग त्यांनी मोठ्या भोकावर तांब्याचा तुकडा बसवून डाग लावला आणि बारीक सुई आणि हातोडी काढली. दुकानातलंच एक घंगाळ पाण्याने भरलं. ते भोक पाडणार, सानिका बोलणार, असं ठरलं. पहिल्यांदा वाटी मेणबत्तीलाच बुडाली. डाग लावून परत. पुढच्या वेळी मोबाइल आला तरी बुडेना. सुई जराशी फिरवून परत. रेल्वेला बुडाली. परत.

"असंच," अण्णा म्हणाले. "तुमच्या ताई पण या पायरीवर बसून अशाच बिघडवत होत्या. मी म्हटलं, बाई, मी करून देतो. तर म्हणाल्या, नको, भोक माझं मलाच पाडायचंय. अंगठा टोचून घेतला, ओढणीला पुसला नि परत बसल्या."

ओढणीवरचा डाग मी बघितला होता. मला तो गंजाचा वाटला होता.

दरम्यान कुकरचं झाकण घेऊन आलेली एक मावशी तिथंच टेकली होती. सानिका घसा ओला करायला चीनपाशी थांबली, तशी मावशी म्हणाली, "मग गो? अगरबत्ती विझली तर काय करायची ती माणसं?" सानिकाने सांगितलं, "बाईंनी ते सांगितलं नव्हतं." मावशी म्हणाली, "विचार हो कुणाला तरी. नायतर घोर लागून राहील." आणि झाकण तिथंच विसरून गेली.

उन्हं कलली तेव्हा सानिका मोबाइलपर्यंत आली, तिचं तोंड मिटलं, आणि वाटी एका बाजूला कलली आणि गेली. अण्णांनी सुई खाली ठेवली. "आता हिला हात लावू नका," ते म्हणाले. हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बंदोबस्तच केला. प्रणयला माझ्या शेजारी उभं केलं आणि सांगितलं, "मामांचे दोन्ही हात धरून ठेव. काही झालं तरी सोडायचे नाहीत." आणि खरं सांगतो, तो शहाणपणा होता. कारण वाटी पाण्यावर ठेवल्यावर मला आत येणारं पाणी दिसायला लागलं. सुताएवढी धार. पंक्चरवाल्याला अशी धार बघत उभं राहायला लावणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. आणि माझ्या माणसाचं भांडं भरत चाललंय, आणि मी नुसता बघतोय. पावसाळ्यात पण मी नुसता बघतच होतो. माझे हात दोनदा सुटायला गेले. प्रणयने दोनदा मागे ओढले. पोरगं बारीक, पण पकड चांगली.

सानिका इजिप्तमधून निघाली. चीन, मेणबत्ती, जहाजं, लंबक, रेल्वे. मॅडम आज वाटीकडेच बघत होत्या. उपग्रह आले. मोबाइल आला. सानिकाने तोंड मिटलं.

वाटी कलली, एक बुडबुडा आला, आणि ती खाली गेली.

थाळी वाजेना. सानिकाने मागे बघितलं, हेडसरांनी मागे बघितलं, मॅडमनीही बघितलं. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की थाळी वाजवणाऱ्याने माझे हात धरलेले आहेत. तो सोडायला तयार नव्हता. हेडसरांनी सांगितलं होतं ना, काही झालं तरी.

शेवटी मीच त्याचे हात सोडवले, टेबलावरची हातोडी उचलली आणि दिला एक ठोका. ताईसाठी मी केलेलं शेवटचं काम ते. पूर्ण हॉल वळून बघायला लागला, इतका जोरात दिला. थाळीला मधोमध खोल पोचा आला.

"मी काढून आणतो, सर," मी म्हटलं.

हेडसर म्हणाले, "संतोष, ठेव ती खाली."

ठेवली.